पंपघरातील कंट्रोलरचा झेनर वारंवार का जळतो? शंट आणि सिरीज रेग्युलेटरचा हिशेब

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथील किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरील टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला जो स्वयंचलित पातळी-नियंत्रक जोडलेला असतो, त्याच्या पीसीबीबद्दल (सर्किटच्या बोर्डाबद्दल) दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिली अशी की बारा व्होल्टचा झेनर डायोड, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरून ठेवणारा डायोड, जळतो, नवा बसवला की काही काळ ठीक चालते आणि मग तोही जळतो. दुसरी अशी की झेनर शाबूत असतो, पण व्होल्टेज कमी असलेल्या वेळी रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) ओढत नाही, किंवा ओढताच सोडतो आणि टकटक करत राहतो. या तक्रारी सहसा वेगवेगळ्या दिवशी, बरेचदा वेगवेगळ्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे जातात, त्यामुळे त्यांना दोन स्वतंत्र दोष मानले जाते. प्रत्यक्षात अनेक बोर्डांत त्या एकाच दोषाच्या दोन बाजू असतात आणि एका बाजूचा उपाय केला की दुसरी बाजू डोके वर काढते. हा दोष झेनरच्या दर्जात नसून, ज्या कामासाठी शंट रेग्युलेटर (लोडला, म्हणजे प्रवाह घेणाऱ्या भागाला, समांतर झेनर लावून व्होल्टेज कायम ठेवणारी मांडणी) वापरू नये त्या कामासाठी तो वापरण्यात आहे, हे येथे आकड्यांनिशी दाखवायचे आहे.

त्याआधी सुरक्षिततेची एक गोष्ट. कंट्रोलरच्या डब्यात बारा व्होल्टच्या भागाशेजारीच पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) तारा असतात आणि त्यांत २३० व्होल्ट, तीन फेजचा पंप असल्यास फेज-फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. बोर्डाला हात लावण्यापूर्वी एमसीबी खाली पाडावा, तो दुसरे कोणी वर करणार नाही याची सोय करावी आणि मोठा कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करावा. पंपघराची फरशी बहुधा ओली असते, त्यामुळे ही काळजी औपचारिक समजू नये.

बोर्डावर ट्रान्सफॉर्मर आहे का?

पुढचे सर्व विवेचन ट्रान्सफॉर्मर असलेल्या बोर्डांसाठी आहे, म्हणून ही तपासणी सर्वांत आधी करावी. स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्याऐवजी मेन्सच्या वाटेत ०.४७ किंवा १ मायक्रोफॅरडचा चौकोनी, बहुधा पिवळा एक्स-२ प्रकारचा कपॅसिटर असतो. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर ०.४७ मायक्रोफॅरडमधून सुमारे ३४ मिलिअँपिअर, तर १ मायक्रोफॅरडमधून सुमारे ७२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि पुढे लोड काहीही असला तरी तो जवळपास तेवढाच राहतो. अशा पुरवठ्यात शंट झेनर हाच योग्य आहे. तो काढून तेथे ट्रान्झिस्टरचा सिरीज रेग्युलेटर (लोडकडे जाणाऱ्या वाटेतच बसून व्होल्टेज आवरणारा) बसवल्यास, लोड कमी होताच फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्टेज चढत जाईल आणि कपॅसिटर फुटण्यापर्यंत वेळ येईल. शिवाय अशा बोर्डाचा प्रत्येक बिंदू मेन्सशी थेट जोडलेला असतो, त्यामुळे चालू स्थितीत त्याला स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. या बोर्डांवर रिले ओढेनासा झाला, तर झेनरआधी तो पिवळा कपॅसिटर मोजावा, कारण वर्षानुवर्षांच्या वापरात त्याची क्षमता घटते आणि उपलब्ध प्रवाहही त्याच प्रमाणात घटतो.

शंट रेग्युलेटरमध्ये नेमके काय घडते

ट्रान्सफॉर्मरच्या बोर्डावर मांडणी साधी असते: पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोडांचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यापुढे एक रेझिस्टर आणि रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत उलटा जोडलेला झेनर, म्हणजे पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. लोड झेनरला समांतर असतो. उलट्या दिशेचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेला पोहोचले की झेनर वाहू लागतो, आणि त्यापुढे त्यातील प्रवाह कितीही बदलला तरी त्याच्या टोकांमधील व्होल्टेज थोडेच बदलते. १९३४ साली क्लॅरेन्स झेनर यांनी ज्या परिणामाचे स्पष्टीकरण दिले, तो साधारण पाच व्होल्टच्या खालच्या डायोडांत प्रभावी असतो. बारा व्होल्टचा डायोड खरे तर ॲव्हलांश परिणामावर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या धडकांतून प्रवाह वाढत जाण्यावर, चालतो. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ॲव्हलांशने चालणाऱ्या डायोडचे व्होल्टेज तापमानाबरोबर वाढते, बारा व्होल्टच्या डायोडात दर अंश सेल्सिअसला अंदाजे ९ मिलिव्होल्टने, आणि या गुणाचा उपयोग पुढे दोष शोधताना होतो.

या मांडणीतील झेनर म्हणजे टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप आहे. पातळी कायम राहते ती जास्तीचे पाणी त्यातून वाहून जाते म्हणून, आणि घरांत कोणी नळ उघडत नाही तेव्हा आलेले सगळे पाणी त्याच पाइपातून जाते. झेनरवर सर्वाधिक ताण लोड सर्वाधिक असताना येत नाही. रिले सुटलेला असताना आणि मेन्सचे व्होल्टेज चढलेले असताना येतो. पंप बंद असलेल्या रात्री झेनर का जळतो, हा वॉचमनकडून नेहमी ऐकू येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एवढ्यात आहे. रात्री उशिरा परिसरातील वापर घटल्यावर मेन्स चढतो, रिले सुटलेला असतो, आणि रिलेच्या वाट्याचे ३० मिलिअँपिअर झेनरच्या अंगावर येतात.

आकडे मांडल्यावर दिसणारा पेच

एक नेहमीचा बोर्ड घेऊ. बारा व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे तिला ३० मिलिअँपिअर लागतात. एनई५५५ हा टायमर आयसी किंवा तुलनाकार (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा) आयसी आणि प्रोबचा (टाकीतील पातळी ओळखणाऱ्या तारांचा) भाग मिळून १० मिलिअँपिअर, आणि पंप चालू असल्याची एलईडी ५ मिलिअँपिअर. म्हणजे लोड कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ४५ मिलिअँपिअर. फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्टेज मात्र एकाच जागी राहत नाही. लहान ट्रान्सफॉर्मर हलक्या लोडवर छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देतात. त्यात मेन्सची चढउतार मिसळली की रात्री २५ व्होल्ट आणि दाब कमी असलेल्या संध्याकाळी रिले ओढलेला असताना १८ व्होल्ट असे दोन टोकांचे वाचन अजिबात अशक्य नाही.

आता रेझिस्टर निवडू. १८ व्होल्टवरही बारा व्होल्ट मिळायला हवेत, लोडला ४५ मिलिअँपिअर द्यायचे आहेत आणि झेनर जागा राहावा म्हणून त्याला किमान ५ मिलिअँपिअर हवेत. ६ व्होल्टला ५० मिलिअँपिअरने भागले की १२० ओहम येतात. हाच रेझिस्टर ठेवून रात्रीच्या २५ व्होल्टकडे पाहा. रेझिस्टरवर १३ व्होल्ट पडतात, त्यातून १०८ मिलिअँपिअर वाहतात, लोड त्यांतील १० घेतो आणि उरलेले ९८ मिलिअँपिअर झेनरमधून जातात. बारा व्होल्टने गुणल्यास जवळपास १.१८ वॅट होतात. १एन४७४२ए हा एक वॅटचा डायोड आहे, त्याच्यासाठी दिलेली कमाल प्रवाहमर्यादा ७६ मिलिअँपिअर आहे, आणि तो एक वॅटही त्याच्या तारा थंड राहिल्या तरच मिळतो. बंद डब्यात, उन्हाळ्यात तापलेल्या पंपघरात, पीसीबीला चिकटवून बसवलेल्या डायोडकडून पाऊण वॅटची अपेक्षा ठेवणेही जास्तच आहे.

झेनर दुसऱ्यांदा जळल्यावर कोणीतरी १२० ओहमच्या जागी २२० ओहमचा रेझिस्टर बसवतो. आता रात्री झेनरमधून ४९ मिलिअँपिअर, म्हणजे ०.६ वॅटच्या आत, आणि डायोड सुखात राहतो. पण संध्याकाळच्या १८ व्होल्टवर ६ व्होल्टला २२० ने भागल्यास अवघे २७ मिलिअँपिअर मिळतात, आणि लोडला हवेत ४५. रिले ओढताच झेनर पूर्ण बंद पडतो, रेग्युलेशन संपते आणि आउटपुट ९.९ व्होल्टच्या आसपास घसरते. बारा व्होल्टच्या रिलेला ओढण्यासाठी साधारण ९ व्होल्ट पुरतात, पण ही हमी २० अंशांना दिलेली असते. कॉइलच्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे ६० अंशांवर पोहोचलेल्या कॉइलला १० व्होल्टहून अधिक लागतात. रिले काठावर येतो. त्यातच रिले ओढण्याच्या क्षणी पुरवठा बारावरून दहावर आल्यामुळे पातळी ओळखणाऱ्या भागाचा निर्णय उलटू शकतो. मग रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढते, रिले पुन्हा ओढतो, आणि टकटक सुरू होते.

म्हणजे झेनर सुरक्षित ठेवायचा तर रेझिस्टर किमान २२० ओहमच्या आसपास हवा, आणि रिले नीट ओढायचा तर तो १२० ओहमपेक्षा मोठा नको. या दोन अटी एकाच वेळी पूर्ण करणारी किंमत अस्तित्वातच नाही. मधला १५० किंवा १८० ओहमचा रेझिस्टर बसवल्यास दोन्ही दोष थोडे थोडे राहतात आणि तक्रार पावसाळ्यानंतर पुन्हा येते.

मोजून खात्री करणे

आपल्या बोर्डावर हेच घडते आहे का, हे पाहण्यासाठी कोणतीही तार तोडावी लागत नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे आणि त्याला रेझिस्टरच्या किमतीने भागावे. तो एकूण प्रवाह झाला. त्यातून लोडचा प्रवाह वजा केला की झेनरचा प्रवाह मिळतो. हे वाचन रिले सुटलेला असताना एकदा आणि ओढलेला असताना एकदा घ्यावे, आणि शक्य असल्यास रात्री उशिरा व संध्याकाळी गर्दीच्या वेळी अशा दोन्ही वेळांना घ्यावे. केवळ दुपारी घेतलेल्या एका वाचनावरून निष्कर्ष काढल्यामुळेच ही दुरुस्ती वारंवार फसते.

झेनरच्या टोकांमधील व्होल्टेजही बोलके असते. ‘ए’ अक्षराच्या डायोडला पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणून ११.४ ते १२.६ यांत काही वावगे नाही. पण रिले सुटलेला असताना तेथे १३ व्होल्ट किंवा अधिक दिसत असतील आणि पुरवठा थंड असताना सुरू केल्यावर हा आकडा हळूहळू चढत असेल, तर डायोड अति प्रवाहाने तापतो आहे असे समजावे. उलट, रिले ओढल्यावर वाचन ११ च्या खाली जात असेल तर झेनर बंद पडला आहे. वाचन केवळ ०.७ व्होल्ट असेल तर डायोड उलटा बसवला आहे, आणि शून्याजवळ असेल तर तो शॉर्ट झाला आहे. शॉर्ट झाल्यावर १२० ओहमच्या रेझिस्टरवर संपूर्ण २५ व्होल्ट येऊन पाच वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते, म्हणून असा रेझिस्टर काळा पडलेला आणि त्याखालचा पीसीबी तपकिरी झालेला आढळतो. अति तापून झेनर कधी कधी ओपनही होतो, आणि ते अधिक नुकसानकारक असते, कारण मग आउटपुट वीस व्होल्टच्याही वर चढू शकते आणि १६ व्होल्टपर्यंत चालवायचा एनई५५५ त्यात जातो. आयसी आणि झेनर एकत्र गेलेले असतील, तर आधी झेनर गेला असावा असे धरून चालावे.

काढलेला झेनर मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासून ‘चांगला आहे’ म्हणणे पुरेसे नाही. ती रेंज काही व्होल्टच देते, त्यामुळे बारा व्होल्टचा झेनर तेथे साध्या डायोडसारखाच दिसतो. २० ते २५ व्होल्टच्या डीसी पुरवठ्याला एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून, झेनर उलट्या दिशेने जोडून त्याच्यावरचे व्होल्टेज पाहावे. नवा झेनर घेतानाही अर्धा वॅटचा लहान काचेचा डायोड एक वॅटचा म्हणून हाती येऊ नये, यासाठी अंगावरचा क्रमांक भिंगातून वाचून घ्यावा.

फिल्टर कपॅसिटरही येथेच तपासावा. मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो, पण रेग्युलेटरला भिडतो तो लहरीचा, म्हणजे डीसीवर उरलेल्या चढउताराचा, तळ. शंभर मिलिअँपिअर प्रवाहावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चांगला असेल तर लहर साधारण एक व्होल्टची असते. तो वाळून ३०० मायक्रोफॅरडवर आला असेल तर तीन व्होल्टच्या वर जाते, आणि मीटरवर वीस व्होल्ट दिसत असूनही तळ बराच खाली गेलेला असतो. खाडीकडच्या दमट, खारट हवेत या कपॅसिटरच्या पायांवर आणि सोल्डरवर हिरवट-पांढरा थर चढतो, तोही खरवडून पाहावा.

सिरीज रेग्युलेटर: पेच सुटतो कसा

पाच वॅटचा १एन५३४९बी बसवणे हा एक सरळ उपाय आहे आणि घाईच्या वेळी तो चालतो. पण त्याने उष्णता कमी होत नाही. २५ व्होल्टमधून १०८ मिलिअँपिअर, म्हणजे २.७ वॅट, रात्रभर वाया जात राहतात. ती उष्णता शेजारच्या कपॅसिटरला वाळवते आणि पुढच्या तक्रारीची तयारी करते. शिवाय १२० ओहमचा रेझिस्टरही किमान तीन वॅटचा हवा, कारण त्याच्यावर दीड वॅटच्या जवळपास पडतात.

सिरीज रेग्युलेटरमध्ये झेनरकडून लोडचा भार काढून घेतला जातो. एनपीएन ट्रान्झिस्टरचा कलेक्टर फिल्टर कपॅसिटरकडे, एमिटर लोडकडे आणि बेस झेनरकडे. झेनर बेसचे व्होल्टेज ठरवतो, आणि एमिटर त्याच्यापेक्षा सुमारे ०.७ व्होल्ट खाली राहतो. लोडने जास्त प्रवाह मागितला आणि एमिटर किंचित खाली आला, की बेस-एमिटरमधील फरक वाढून ट्रान्झिस्टर अधिक वाहतो. लोड सुटला की ट्रान्झिस्टर आपोआप आवरतो आणि जास्तीचा प्रवाह कोठेही ओतावा लागत नाही. झेनरला आता ४५ मिलिअँपिअरचा नव्हे, तर त्याला ट्रान्झिस्टरच्या गेनने (बेसप्रवाह किती पट वाढतो त्या आकड्याने) भागून येणाऱ्या बेसप्रवाहाचा चढउतार सोसावा लागतो.

०.७ व्होल्टची घट भरून काढण्यासाठी १३ व्होल्टचा १एन४७४३ए घ्यावा, म्हणजे आउटपुट १२.३ व्होल्टच्या आसपास मिळते. ट्रान्झिस्टर बीडी१३९ घेतला आणि त्याचा गेन सावधपणे ४० धरला, तर ४५ मिलिअँपिअरसाठी बेसला १.१ मिलिअँपिअर लागतात. १८ व्होल्टवर झेनरच्या रेझिस्टरवर ५ व्होल्ट उरतात. ८२० ओहमने ६.१ मिलिअँपिअर मिळतात, त्यांतून बेसचे वजा करून झेनरला पाच राहतात. २५ व्होल्टवर १२ व्होल्टला ८२० ने भागून १४.६ मिलिअँपिअर होतात, आणि ते सगळे झेनरमधून गेले तरी त्याच्यावर ०.२ वॅटच्या आतच पडतात. ज्या टोकाला शंटचा झेनर जळत होता, त्याच टोकाला येथे तो कोमटही होत नाही. हा रेझिस्टर अर्ध्या वॅटचा पुरतो. बेसपासून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास लहरही बरीच कमी होते.

उष्णता आता ट्रान्झिस्टरकडे जाते, पण रिले ओढलेला असतो तेवढाच वेळ: २५ व्होल्टवर १२.७ गुणिले ४५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.५७ वॅट. हीटसिंकशिवाय बीडी१३९ दर वॅटला अंदाजे शंभर अंशांनी तापतो, म्हणून पंपघरातील ४० अंशांवर त्याचे आतले तापमान शंभर अंशांजवळ जाईल. पत्र्याचा लहान हीटसिंक लावणे श्रेयस्कर. त्याच्या पाठीचा धातू कलेक्टरशी जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक डब्याला किंवा ग्राउंडला टेकत असल्यास मधे मायका हवाच. छापील बाजू आपल्याकडे ठेवल्यास बीडी१३९ चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात, तर टीआयपी३१ चे बेस, कलेक्टर, एमिटर असे. एकाच्या भोकांत दुसरा तसाच बसवला की रेग्युलेटर चालत नाही आणि दोष झेनरवर ढकलला जातो.

शंटचा एक खरा गुण मात्र येथे गमावला जातो. आउटपुट शॉर्ट झाले तर शंटमध्ये रेझिस्टर प्रवाह आवरतो. साध्या सिरीज रेग्युलेटरमध्ये ट्रान्झिस्टर क्षणात जातो, आणि तो बहुधा कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन जात असल्यामुळे पुढच्या आयसीवर पूर्ण व्होल्टेज येते. म्हणून कलेक्टरच्या वाटेत २५० मिलिअँपिअरचा फ्यूज आणि आउटपुटला १५ व्होल्टचा १एन४७४४ए हे दोन्ही बसवावेत, आणि रिलेच्या कॉइलला उलटा १एन४००७ आहे ना हे पाहावे. पाणी-पातळीच्या प्रोबच्या तारा गच्चीपासून खाली येतात आणि पावसाळ्यात त्यांचे जोड ओले होतात, त्यामुळे आउटपुट शॉर्ट होण्याची शक्यता येथे नेहमीपेक्षा जास्त आहे.

बोर्डावर जागा असेल तर ट्रान्झिस्टरऐवजी ७८१२ हा बारा व्होल्टचा तयार रेग्युलेटर आयसी बसवावा, असेच माझे मत आहे. त्यात प्रवाहमर्यादा आणि अति तापल्यावर बंद होण्याची सोय आतच असते, १८ ते २५ व्होल्टचे इनपुट त्याच्या आवाक्यात आहे, आणि इनपुटला ०.३३ व आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर त्याच्या पायांजवळ लावले की काम होते. शंट झेनर संपूर्णपणे वगळावा असे मात्र नाही: लोड काही मिलिअँपिअरचा आणि स्थिर असेल, उदाहरणार्थ तुलनाकार आयसीला केवळ संदर्भ-व्होल्टेज द्यायचे असेल, तर त्याच्याइतके साधे आणि भरवशाचे दुसरे काही नाही.

बदल केल्यावर रिले सुटलेला, रिले ओढलेला आणि पंप नुकताच सुरू झालेला अशा तिन्ही स्थितींत आउटपुट मोजावे. तिन्ही वाचने एकमेकांपासून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील, तर रेग्युलेटरचे काम झाले. त्यानंतरही पंप सुरू होण्याच्या क्षणी फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्टेज १५ च्या खाली जात असेल आणि कॉन्टॅक्टर थरथरत असेल, तर तो दोष बोर्डाचा नाही. पंपाच्या पुरवठ्याची केबल, न्यूट्रलचा सैल जोड किंवा मोटरचा सुरुवातीचा कपॅसिटर यांपैकी काहीतरी मेन्स खाली ओढत आहे, आणि त्याची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटररूमपासून सुरू करून घ्यावी.